डहाणूचे काका

डहाणूचे काका म्हणजे साठी उलटलेले, नोकरीतून मोकळे झालेले आणि तरीही दिवसभर कामात असलेले गृहस्थ. ते कुणाचे सख्खे काका असतातच असं नाही. पारनाक्यापासून सागर नाक्यापर्यंत भाजीवाली, रिक्षावाला, औषधाच्या दुकानातला पोरगा, सगळे त्यांना काका म्हणतात. आणि ज्यांना ते स्वतः काका म्हणत, ती मंडळी एकेक करून गेल्यामुळे हे पद त्यांच्याकडे सेवाज्येष्ठतेने चालत आलेलं असतं. निवृत्तीपूर्वी ते पश्चिम रेल्वेत, तारापूरच्या अणुवीज केंद्रात, जिल्हा परिषदेच्या शाळेत किंवा मुंबईच्या एखाद्या बँकेत होते. काही जण जन्मभर बागायतदारच, त्यामुळे निवृत्तीचा प्रश्न कधी आला नाही; पण मुलाने बागेचा हिशेब हातात घेतला, त्या दिवसापासून तेही काकांतच मोडतात. खुणा सगळ्यांच्या सारख्या: नातवाने आणलेली बर्म्युडा, त्यावर इस्त्रीचा शर्ट, खिशात दोन पेनं, हातात कापडी पिशवी आणि घरातून निघताना ‘आलोच’ म्हणून दोन तासांनी उगवण्याची सवय.

माणूस नेमका कितव्या वर्षी ज्येष्ठ होतो, यावर सरकारी खात्यांचं एकमत नाही. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा २००७ चा केंद्रीय कायदा ६० ला ज्येष्ठ म्हणतो. एसटीला हे मान्य नाही. तिथे अर्धं तिकीट ६५ ला मिळतं आणि ७५ पूर्ण झाली की, ऑगस्ट २०२२ पासून, तिकीटच नाही. रेल्वे लांबच्या गाड्यांत ६० वर्षांच्या पुरुषाला ४० टक्के सवलत देत असे. मार्च २०२० मध्ये करोनापायी ती थांबवली, ती थांबलीच. म्हणजे ६२ वर्षांचा एकच माणूस कायद्याने ज्येष्ठ, बस डेपोत उमेदवार आणि रेल्वेच्या खिडकीवर गडी जवान असतो. काका याचा राग धरत नाहीत. ‘रेल्वेने तरुण केलं बघा आम्हाला,’ असं मागच्याला सांगत ते पूर्ण पैसे मोजतात आणि सुटे परत मिळेपर्यंत खिडकी सोडत नाहीत.

जन्मतारखेचंही तसंच. या पिढीतल्या पुष्कळांची जन्मतारीख १ जून आहे. शाळा जूनमध्ये उघडायची, पोराला घेऊन आलेल्या बापाला तारीख ठाऊक नसायची आणि मास्तरांना रजिस्टरातला रकाना रिकामा ठेवता यायचा नाही. महिन्याच्या पहिल्या तारखेला जन्मलेला सरकारी नोकर आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो, म्हणून महाराष्ट्रभर ३१ मेला निरोप समारंभांची रीघ लागते आणि त्या दिवशी शाल, श्रीफळ आणि भाषणं करणारा माणूस मिळेनासा होतो. दुसऱ्या दिवशी या सगळ्यांचे एकदम वाढदिवस. खरी तारीख आईलाच ठाऊक होती, तीही ‘भात लावणी चालली होती, धो धो पाऊस होता’ इतकीच. भात लावणी जुलैत असते. तरी कागदावरचा १ जून कुणी बदलून घेत नाही. नोकरीपासून पेन्शनपर्यंत सगळं त्यावर उभं आहे.

शेजारच्या तलासरीच्या पाड्यांवर तारखेचा घोळ नाही, कारण तारीखच नाही. तिथला वारली आजा वय प्रसंगांवरून सांगतो. मे १९४५ मध्ये झरीला सभा झाली, गोदावरी परुळेकर आणि लाल बावट्याच्या मागे वारली उभे राहिले, सावकार-जमीनदारांची वेठ बंद पडली. ‘वेठ उठली तेव्हा मी गुरं राखत होतो,’ असं म्हणणारा माणूस आज नव्वदीच्या आसपास असतो. त्याच्या आधारकार्डावर मात्र ७८ लिहिलेलं असतं. आजा ते कार्ड जपून ठेवतो आणि त्यावरच्या माणसाचा अधूनमधून ‘तो लहान आहे’ असा उल्लेख करतो.

एवढे काका एका ठिकाणी साठण्यामागे एक सरकारी कागद आहे. २० जून १९९१ च्या अधिसूचनेने केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवला आणि उद्योगधंद्यांवर मर्यादा घातल्या. झाडं राहिली, खाडी राहिली, बागा राहिल्या. कारखाने दक्षिणेला बोईसरला आणि उत्तरेला वापीला वाढले. पोरं त्यांच्या मागे गेली, उरलेली लोकलने मुंबईला. कामाच्या दिवशी सकाळी अकराला डहाणू गावात चक्कर मारली तर दुकानदार, शाळकरी मुलं आणि काका एवढेच भेटतात. नाजूक जाहीर झालेल्या तालुक्यात म्हातारी माणसं मात्र टणक निघाली, याची नोंद त्या कागदात कुठे नाही.

काकांचा दिवस पहाटे चारला उजाडतो. चारला उठायचं कारण उरलेलं नाही. पण तीस वर्षं पहाटेची गाडी धरलेल्या अंगाला निवृत्तीचा आदेश पोचत नाही. डहाणू रोड ते चर्चगेट हे अंतर सव्वाशे किलोमीटरच्या घरात आहे. काकांनी ते शटलच्या दाराशी उभं राहून, डबा गुडघ्यांत धरून, पत्ते खेळत आणि भजनं म्हणत कापलं. विरारच्या पुढे डहाणूपर्यंत उपनगरी लोकल आली एप्रिल २०१३ मध्ये, काकांच्या निवृत्तीनंतर बेताने. हा अन्याय ते विसरलेले नाहीत आणि विसरायची त्यांची इच्छाही नाही, कारण सकाळच्या चहाबरोबर काहीतरी लागतंच. अंथरुणात पडल्या पडल्या ते आवाजावरून गाडी ओळखतात: ही मालगाडी, ही मेल, ही लोकल आणि आज सहा मिनिटं लेट. पलीकडून काकू ‘बरं’ म्हणतात. चाळीस वर्षांच्या संसारात या ‘बरं’चे सात-आठ अर्थ तयार झालेले असतात, यातला अर्थ ‘झोपा’ असा असतो.

पाचला ते किनाऱ्यावर येतात. डहाणूचा किनारा लांब आणि सपाट. ओहोटीला पाणी इतकं आत जातं की समुद्र पाहायला आलेल्या पाहुण्याला तो दाखवून द्यावा लागतो. सुरूच्या झाडांच्या कडेने काका चालतात. चालण्याचा वेग विषयावर ठरतो. साखर आणि रक्तदाब या विषयांवर पावलं भरभर पडतात, नगरपरिषदेवर मंदावतात आणि कुणाच्या मुलाच्या लग्नाचा विषय निघाला की सगळा ताफा थांबतो. डॉक्टरांनी ‘रोज पाऊण तास चाला’ म्हणून सांगितलेलं असतं. काका रोज दीड तास घराबाहेर असतात, त्यातली वीसेक मिनिटं चालतात, आणि डॉक्टरांना दीड तास सांगतात.

किनाऱ्यावर हास्याचा कार्यक्रमही होतो. मार्च १९९५ मध्ये मुंबईत, अंधेरीच्या लोखंडवाला भागातल्या बागेत, डॉ. मदन कटारिया यांनी चार-पाच माणसांना घेऊन हास्यक्लब सुरू केला आणि तो जगभर गेला. सुरुवातीला तिथे रोज विनोद सांगून हसत असत. थोड्याच दिवसांत चांगले विनोद संपले, तेव्हा विनोदाशिवाय हसायची रीत निघाली. डहाणूच्या काकांना ही अडचण आली नाही. इथे तोच विनोद रोज चालतो. सांगणारा ठरलेला, चुकणारा ठरलेला, ‘हा कालच झाला’ असं म्हणणाराही ठरलेला, आणि हसू येतं ते या तिसऱ्याला. नवा विनोद आणणाऱ्याकडे थोड्या संशयानेच पाहिलं जातं.

उन्हं वर आली की काका बागेकडे वळतात, स्वतःच्या नाहीतर दुसऱ्याच्या. चिकू हा डहाणू-घोलवडचा अभिमान. २०१६ मध्ये ‘डहाणू घोलवड चिकू’ला भौगोलिक मानांकन मिळालं. झाड मूळचं मध्य अमेरिकेकडचं, पण हे काकांपुढे बोलायची सोय नाही. त्यांच्या मते तिकडच्यांनी ते घोलवडहून नेलं असावं. तिकडे याच झाडाच्या चिकाचं च्युइंगम करीत, म्हणजे ज्यांना दात आहेत त्यांनी चघळायची वस्तू. इथल्या लोकांनी फळ धरलं. बत्तीस दातांपैकी चार शिल्लक असले तरी पिकलेला कालीपत्ती चिकू खाता येतो, आणि कवळी पेल्यात राहिली असली तरीही. मधुमेहाच्या माणसाने तो खाऊ नये असं डॉक्टर सांगतात. काका खात नाहीत, ‘बघतात’.

चिकू बघणं ही इथली खरी विद्या आहे. आंबा पिवळा पडतो, केळं पिवळं पडतं. चिकू झाडावर असतानाही खाकी आणि तयार झाल्यावरही खाकी. काका फळ हातात घेतात, अंगठ्याने सालीवरचा भुसा पुसतात, देठाजवळ नखाने बारीक ओरखडा काढतात. खाली हिरवं दिसलं तर कच्चा, पिवळट दिसलं तर उतरवायला हरकत नाही. मग फळ नाकाशी नेतात. नाकाशी नेल्याने उतरवायच्या चिकूबद्दल काहीही कळत नाही, पण त्याशिवाय परीक्षा पुरी होत नाही. ‘वरून पाहून काय कळणार? माझंही तसंच आहे,’ हे वाक्य इथे ठरलेलं. ऐकणारा हसतो, कारण चिकूची पेटी अजून विकत घ्यायची असते. काकांच्या नखाखाली गेलेले तीन-चार चिकू मात्र विकायच्या कामाचे राहत नाहीत. ते पिशवीत जातात. पिशवी त्यासाठीच असते.

घोलवडच्या रस्त्याला काकांचा आणखी एक प्रकार आढळतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या सुरुवातीला इराणहून आलेल्या झरथोष्टी कुटुंबांनी या पट्ट्यात चिकूच्या बागा उभ्या केल्या. त्या घरांतले काका म्हणजे ‘बावाजी’. गुजराती, मराठी आणि वारली या तिन्ही भाषा ते एका वाक्यात बोलतात आणि रागावण्यासाठी चौथी राखून ठेवतात. त्यांच्या अंगणात एक जुनी मोटार असते. ती चालत नाही, पण दर रविवारी पुसली जाते आणि तिच्याविषयी बोलताना वर्तमानकाळ वापरावा लागतो. डहाणूचे काका आणि बावाजी यांची मैत्री जुनी आणि पक्की. दोघे एकमेकांना म्हातारे समजतात.

बोर्डीला गेलं की काकांचे ‘गुरुजी’ होतात. बोर्डी हे शाळामास्तरांचं गाव. १९२० मध्ये तिथे हायस्कूल सुरू झालं, आचार्य भिसे आणि चित्रे गुरुजींनी ते घडवलं. त्या शाळेत शिकलेला माणूस ऐंशीच्या घरात असला तरी रस्त्यात उभं राहून लेखनातलं ऱ्हस्व-दीर्घ तपासतो. लग्नपत्रिका आली की आधी चुका, मग तारीख. या परिसराने म्हातारपणाविषयीच्या सर्वसाधारण समजुतींना एकदा चांगलाच धक्काही दिला. ताराबाई मोडक १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाच्या कामाला आल्या तेव्हा त्यांचं वय ५३ होतं. १९५७ मध्ये सगळं बिऱ्हाड उचलून कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी नव्याने सुरुवात केली तेव्हा ६५. ज्या वयात एसटी अर्धं तिकीट देते त्या वयात त्यांनी नवी बालवाडी काढली. बरोबर अनुताई वाघ होत्या, त्या त्यांच्याहून अठरा वर्षांनी लहान, आणि ताराबाई १९७३ मध्ये गेल्यावरही अनुताईंनी काम चालूच ठेवलं. त्या पहिल्या बालवाडीत नाक पुसत आलेली पोरं आज स्वतः सत्तरी ओलांडून बसली आहेत. त्यांच्यापैकी कुणी बडबडगीत म्हणायला लागला तर थांबवू नये. हातवाऱ्यांसकट पूर्ण होतं.

तलासरीकडे, अहमदाबादच्या महामार्गापलीकडे, म्हातारपणाचा सगळा नूरच वेगळा. तिथल्या आजाला निवृत्ती नसते, कारण त्याला कुणी नेमलेलंच नव्हतं. तो सकाळी गुरं सोडतो, दुपारी बांबूच्या कामट्या काढतो, संध्याकाळी शिंदीची नाहीतर ताडाची ताडी घेतो आणि त्यानंतर दुसऱ्या दिवशीच्या पावसाबद्दल बोलतो. हवामान खात्याशी त्याचं वैर नाही. ते जिल्ह्याचं सांगतात, हा आपल्या शेताचं सांगतो. पाड्यावर त्याला मान मोठा. तारपा वाजवायचा म्हटलं की पोरं त्याच्याकडे येतात. वाळवलेला दुध्या, बांबूच्या नळ्या आणि ताडाच्या पानाचा मोठा भोंगा जोडून केलेलं हे वाद्य वाजवताना श्वास तुटू द्यायचा नसतो; नाकाने घ्यायचा, तोंडाने सोडायचा, आणि सूर चालू ठेवायचा. घरचा जिना चढताना धापा टाकणारा शहरातला पाहुणा हे पाहतो आणि गप्प बसतो. नाचणारे वादकाभोवती गोल फिरतात, त्याच्याकडे पाठ करायची नाही असा नेम. सत्तरीच्या माणसाकडे सगळ्या तरुण पोरापोरींनी रात्रभर तोंड करून राहायचं, अशी व्यवस्था मुंबईच्या कोणत्याही ज्येष्ठ नागरिक संघाला अजून जमलेली नाही.

बाईमाणसाचं वय तिथे अधिकाराचं असतं. वारली लग्न गाणी म्हणून ते लावणाऱ्या ढवळेरीशिवाय होत नाही, आणि ढवळेरी बहुधा वयस्क बाई असते. सगळी गाणी तिला पाठ, आणि ती म्हणेल तेवढा वेळ नवरा-नवरीने बसायचं. भिंतीवर लग्नाचा चौक काढायचं कामही बायकांचं. जिव्या सोमा मशे यांनी तो नेम मोडला आणि रोजच चित्रं काढायला घेतली, ती आयुष्यभर. २०११ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा ते पंच्याहत्तरीच्या पुढे होते. २०१८ मध्ये गेले, आणि त्यांच्या चित्रांतली माणसं दोन त्रिकोणांची असल्यामुळे त्यातला म्हातारा कोण आणि पोर कोण हे पाहणाऱ्याला आजही शोधत बसावं लागतं.

नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीत भूकंपाचे धक्के सुरू झाले. धुंदलवाडीच्या आसपास जमीन वारंवार हलू लागली, भिंतींना तडे गेले, लोकांनी थंडीत बाहेर झोपून रात्री काढल्या. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं. पण बाहेर खाट टाकल्यावर आजाच्या गोष्टी ऐकायला सगळा पाडा हाताशी आला, हेही खरं. पुढे धक्के मुरले तसे म्हातारे तज्ज्ञ झाले. खाट हलली की हात वर करून सगळ्यांना गप्प करायचं, क्षणभर कान द्यायचा आणि ‘तीनच्या आतला’ असा निकाल द्यायचा. मोबाइलवर आकडा यायला वेळ लागतो, तोवर आजा परत झोपलेला असतो.

काकू हा या प्रकरणाचा अधिक महत्त्वाचा भाग, पण त्यांच्याबद्दल माहिती कमी मिळते, कारण त्या कामात असतात. काका निवृत्त झाले तेव्हा काकूंचं काम दुप्पट झालं: घरही सांभाळायचं आणि घरात दिवसभर असलेला माणूसही. पहिल्या आठवड्यात काकांनी स्वयंपाकघरातल्या डब्यांना नावं लिहिलेल्या चिठ्ठ्या लावल्या. दुसऱ्या आठवड्यात काकूंनी त्यांना किनाऱ्यावर पाठवलं. हास्यक्लबाच्या डहाणू शाखेचा खरा इतिहास हाच.

मार्च २०२३ पासून एसटीत सर्व वयाच्या स्त्रियांना अर्धं तिकीट झालं आणि काकूंनी प्रवास सुरू केला. त्यांना ६२ व्या वर्षी अर्धं, शेजारी बसलेल्या ६३ वर्षांच्या काकांना पूर्ण. कंडक्टर एक अर्धं, एक पूर्ण फाडतो तेव्हा काकू खिडकीबाहेर बघतात, फार शांतपणे. पुढे काकांची पंच्याहत्तरी झाली की फासे उलटतात: काका फुकट, काकू अर्ध्यात. पंच्याहत्तरीच्या दुसऱ्या दिवशी काका कामाशिवाय जव्हारला जाऊन येतात. जव्हारला काही नसतं. संध्याकाळी परतून ते किती रुपये वाचले याचा हिशेब मांडतात. घरी बसले असते तर तेवढेच वाचले असते, हे काकू बोलत नाहीत, ‘बरं’ म्हणतात.

मच्छी बाजारातली मावशी या सगळ्यांच्या पलीकडची. सत्तरीची असते, पहाटे टोपली घेऊन बसते, तिला कुणी निवृत्त केलेलं नाही आणि करायला कुणी गेलेलंही नाही. काका तिच्याकडे रोज बोंबलाचा भाव विचारतात आणि रोज ‘परवा कमी होता’ म्हणतात. ‘परवा तुम्हीही तरुण होता,’ असं तिचं उत्तर असतं. हा व्यवहार पंचवीस वर्षं याच शब्दांत चालू आहे आणि भाव त्याला अनुसरून चढत आला आहे.

खाण्याच्या बाबतीत काका पथ्यं पाळतात, म्हणजे पथ्यं कोणती हे सगळ्यांना सांगतात. ताडगोळे थंड म्हणून चालतात, सुके बोंबील तोंडी लावण्यापुरते म्हणून चालतात, थंडीतली उकडहंडी वर्षातून एकदाच म्हणून चालते, तीन घरी एकेकदा. पहिल्या पावसाच्या सुमाराला रानातली शेवळं बाजारात येतात तेव्हा त्यांच्यातला शिक्षक जागा होतो. शेवळाला खाज असते. ती मारायला बरोबर काकडाची फळं लागतात. वसईची नवी सून जुड्या घेऊन निघाली की काका तिला रस्त्यात थांबवतात: ‘काकडं घेतलीस? नाही घेतलीस तर रात्री सगळं घर घसा धरून बसेल.’ इथे मात्र ते बरोबर असतात. वर्षातून असे दोन-तीन प्रसंग येतात आणि बाकीच्या सल्ल्यांचा दबदबा त्यांच्यावर टिकून राहतो.

मतं हा काकांचा मुख्य व्यवसाय. वाढवण बंदर, बुलेट ट्रेन आणि डहाणू-नाशिक रेल्वे हे तीन विषय कायमचे. बंदराचा विचार नव्वदीच्या दशकात पहिल्यांदा निघाला, १९९८ मध्ये डहाणूच्या पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने तो अडवला, पुन्हा आला, आणि ३० ऑगस्ट २०२४ ला पायाभरणी झाली. मच्छीमारांच्या घरात हा पोटाचा प्रश्न आहे आणि तिथे काका आवाज खाली आणून बोलतात. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेन डहाणू-तलासरीतून जाणार आहे; तिच्याबद्दल त्यांचं एकच म्हणणं, की एवढ्या वेगात जाणाऱ्या गाडीत पत्त्यांचा डाव पुरा कसा होणार. नाशिकच्या रेल्वेबद्दल ते आशावादी आहेत. त्यांच्या लहानपणापासून ती येणार आहे. ती आली तर बोलायला दोनच विषय उरतील, ही एक काळजी सोडली तर त्यांचा तिला पाठिंबाच आहे.

नोव्हेंबर हा परीक्षेचा महिना. पेन्शन चालू राहण्यासाठी दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. आपण जिवंत आहोत हे जिवंत माणसाने स्वतः हजर राहून सिद्ध करायचं असतं. पूर्वी कागदावर सही पुरे. नोव्हेंबर २०१४ मध्ये केंद्राची ‘जीवन प्रमाण’ ही डिजिटल पद्धत आली आणि अंगठा यंत्रावर ठेवायचा झाला. आयुष्यभर खडू, विळा नाहीतर पाना धरलेल्या बोटांच्या रेषा झिजलेल्या. यंत्र ‘जुळत नाही’ म्हणतं. काका बोट पुसतात, फुंकर मारतात, केसांवर घासतात, पुन्हा ठेवतात. रांगेतून सूचना येतात. शेवटी मोबाइलसमोर चेहरा धरायची सोय आहे. त्यात पापण्या मिटून उघडायला सांगतात. काका मिटतात, उघडतात, आणि वरची पाटी हिरवी झाली की मागे वळून जाहीर करतात, ‘आहे!’ रांग टाळ्या वाजवते. मग सगळे मिळून भजी खायला जातात, आणि त्या रांगेत या वर्षी कोण दिसलं नाही याची चौकशी तिथेच, पहिल्या घाण्यावर होते. नावं घेतली जातात. थोडा वेळ कुणी काही बोलत नाही. मग कुणीतरी गेलेल्याची एक खोड सांगतो, दुसरा ती दुरुस्त करून सांगतो, आणि दुसरी प्लेट मागवली जाते.

देवधर्म बेताचा. चैत्र पौर्णिमेपासून विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची यात्रा भरते, पंधरा दिवस चालते. देवीचं मूळ ठाणं डोंगरावर; तिथे ध्वज लावायला पुजारी मध्यरात्री चढतो. एका गरोदर भक्तिणीला डोंगर चढवेना, म्हणून देवी पायथ्याशी उतरली अशी कथा आहे. काकांना ही कथा फार पटते. पायथ्याला दर्शन घेऊन ते डोंगराकडे हात जोडतात आणि यात्रेत उसाचा रस पितात, साखर जास्त आहे हे माहीत असल्यामुळे बर्फाशिवाय.

डहाणूला नव्याने उतरणाऱ्याने काकांना रस्ता जरूर विचारावा. तेवढा अचूक रस्ता मोबाइल सांगत नाही. फक्त तो सांगताना आधी त्या रस्त्याचं जुनं नाव, मग तिथे पूर्वी कुणाचं घर होतं, ते कुणी विकलं आणि का, एवढं येतं, आणि निघताना हातात एक चिकू पडतो. तो तीन दिवसांनी खावा. परतीच्या लोकलची वेळ आधीच बघून ठेवावी, कारण डहाणू रोडहून सुटणाऱ्या लोकल विरारसारख्या लागोपाठ नाहीत, आणि गाडी चुकली तर स्टेशनच्या बाकावर दुसरे काका बसलेले असतात.